दुसरी कॅसेट

माझं एक जुनं मत आहे. गायकाची खरी परीक्षा दुसऱ्या अल्बमला होते. पहिला अल्बम नशिबाने, ओळखीने, नवलाईने कसाही चालतो. दुसऱ्या वेळी नवलाई संपलेली असते. लोक कान टवकारून बसलेले असतात, आणि "हिला एकच गाणं येतं" असं म्हणायला सगळे टपलेले असतात. आपल्याकडच्या पॉप संगीतात ही परीक्षा फार थोड्यांनी पास केली. त्यात माझा पहिला नंबर नाझिया हसनच्या 'बूम बूम'ला.

नव्या मंडळींसाठी थोडा इतिहास. १९८० साली फिरोज खानचा 'कुर्बानी' आला. सिनेमाचं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' हे एक गाणं बिड्डूचं. बिड्डू मूळचा बेंगळुरूचा, पण लंडनला जाऊन मोठा झालेला. १९७४ साली जगभर वाजलेलं 'कुंग फू फायटिंग' त्यानेच केलेलं. आणि गाणारी कोण, तर लंडनमध्ये राहणारी कराचीची एक शाळकरी मुलगी. वय पंधराच्या आसपास! त्या गाण्याने तिला फिल्मफेअर मिळालं. १९८१ ला तिचा भाऊ जोहेब आणि तिचा 'डिस्को दीवाने' आला आणि घरोघरी वाजला. इथपर्यंत ठीक. याला नशीब म्हणता येईल.

मग १९८२ ला दुसरा अल्बम आला. कुणी त्याला 'बूम बूम' म्हणतं, कुणी 'स्टार', कारण ती गाणी त्याच नावाच्या सिनेमात होती. दिग्दर्शक विनोद पांडे, नायक 'लव्ह स्टोरी'मुळे रातोरात गाजलेला कुमार गौरव, सोबत रती अग्निहोत्री. सिनेमा साफ पडला. आज कुणाला त्याची गोष्ट विचारा, सांगता येणार नाही. पण गाणी राहिली. आपल्याकडे बहुतेक वेळा गाणं सिनेमाच्या खांद्यावर बसून गावात येतं. इथे सिनेमा बसला खाली आणि गाणं एकटंच पुढे चालत गेलं. 'बूम बूम'साठी नाझियाचं नाव पुन्हा फिल्मफेअरच्या यादीत आलं. बक्षीस मात्र 'निकाह'साठी सलमा आगाला गेलं. असो.

आता गाण्याविषयी. 'डिस्को दीवाने' ऐकताना मला नेहमी वाटतं की त्यात मजा आहे, पण ती पार्टीची मजा आहे. सगळे नाचताहेत आणि त्यात नाझियाही आहे. 'बूम बूम'मध्ये ती एकटी आहे. खाली सिंथसायझरचा बास एकाच चालीने चाललाय, ठेका यंत्रासारखा, ना दम घेतो ना लय सोडतो. त्यावर हिचा आवाज. ताना नाहीत, मुरक्या नाहीत, किंचित नाकातला, थोडासा आळसावलेला. तिच्याच आवाजावर तिचाच आवाज चढवल्यासारखा वाटतो, म्हणजे सोबतीलाही तीच! प्रेमात पडलेली सतरा वर्षांची मुलगी खोलीत एकटीच छातीचे ठोके मोजत बसलीय, असं काहीतरी. ठेका जितका थंड, तितका आवाज ऊबदार वाटतो. हे वाद्यवृंद लावून झालं नसतं. पन्नास व्हायोलिनं लावली असती तर तो आवाज त्यात वाहून गेला असता.

लता-आशांच्या काळात अशा आवाजाला उभं राहायला जागाच नव्हती. ती जागा तिला यंत्राने दिली. मला सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं पाल्हाळ.

आता तुम्ही म्हणाल, यंत्राचं कसलं संगीत? आमच्या घरातही हेच ऐकलंय. आमच्या जतपासून दीड-दोन तासांवर मिरज. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज, सतारमेकर मंडळींची मिरज. भोपळा वाळवून, तासून, जवारी लावून तंबोरा कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना बटण दाबून निघणारा सूर म्हणजे फसवणूकच वाटणार. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण मंडळी, आज किती मैफलींत गायकाच्या शेजारी ती छोटी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी ठेवलेली असते! रियाजाला तर घरोघरी तीच, नाहीतर मोबाईल. तेव्हा कुणी 'यंत्र' म्हणून उठून जात नाही. ख्यालाला चालतं ते सतरा वर्षांच्या मुलीच्या गाण्याला का चालू नये?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. सिंथसायझर आणि ड्रम मशीन आली तसे मुंबईच्या स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद हळूहळू संपले. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे, त्यात गोव्याचे कितीतरी, आयुष्यभर वाजवून पुढे कामाची वाट बघत बसले. एका यंत्रात वीस जणांची रोजी गेली. हे दुःख मोठं आहे. पण त्याच १९८२ साली, त्याच स्टुडिओंमध्ये वाजवणाऱ्या चरणजित सिंग नावाच्या वादकाने काय केलं बघा. रोलंडची यंत्रं समोर मांडून भैरव, ललत, मधुवंती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फिरकलं नाही. २०१० ला एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली आणि जग थक्क झालं. असलं संगीत पश्चिमेकडच्यांनी नंतर 'ॲसिड हाऊस' म्हणून केलं, ते या माणसाने मुंबईत आधीच करून ठेवलं होतं! २०१५ साली ते गेले. सांगायचा मुद्दा असा की यंत्र कुणाचं पोट मारतं आणि कुणाला वाट दाखवतं. दोष द्यायचाच तर एका गाण्याला देऊ नये.

आमच्या जतला हे संगीत कॅसेटवरून आलंच, पण खरं शिरलं ते ऑर्केस्ट्रातल्या कॅसिओवरून. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात तो कॅसिओवाला एक बटण दाबायचा, ठेका आपोआप सुरू व्हायचा आणि पोरं उठायची. धाकटे मामा हे वाचत असतील तर त्यांना आठवेल, 'बूम बूम' लागलं की सगळ्यात आधी कोण उठायचं :) गाणं उर्दू-हिंदी, गाणारी पाकिस्तानची, संगीतकार कर्नाटकातला, राहतो लंडनला, आणि नाचणारे आम्ही, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला याचं फारसं नवल वाटत नाही. आमच्याकडे गुड्डापूरच्या दानम्माला जाणारा भक्त कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नाही. तसंच त्या मांडवात ती कुठली हे कुणी विचारलं नाही.

आज विचारतात. आता कुठल्या देशाचा गायक ऐकावा यावर भांडणं होतात. २०१२ ला 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' नव्या रूपात वाजलं, तेव्हाची पोरं नाचली ती कुणाच्या गाण्यावर हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नसेल. म्हणून मला वाटतं, ही नावं घेत राहावीत.

नाझिया पुढे लंडनमध्ये कायदा शिकली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. अजून तीन अल्बम आले, १९९२ चा 'कॅमेरा कॅमेरा' शेवटचा. १३ ऑगस्ट २००० ला कॅन्सरने लंडनमध्ये गेली. वय पस्तीस. माझ्यापाशी तिची मोठी गायिका म्हणून वकिली करण्याएवढं शास्त्र नाही, आणि तशी ती नव्हतीही. पण साधा, न शिकवलेला आवाजसुद्धा आपल्या जागी लागला तर चाळीस वर्षं टिकतो, हे तिच्या दुसऱ्या कॅसेटने दाखवलं.

एकदा हेडफोन लावून, दिवा घालवून 'बूम बूम' ऐका. नाचायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग सांगा, यंत्राला काळीज नसतं का ते.