सख्याचे सुतक

कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे श्रीज्ञानेश्वर महाराजांचा संजीवन समाधी सोहळा होतो. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये माउलींनी सिद्धेश्वराच्या सान्निध्यात समाधी घेतली, तेव्हा परंपरेच्या गणनेप्रमाणे त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. या दिवशी भाविक माउलींचे स्मरण करतात ते उचितच होय. परंतु त्या विवराच्या काठाशी मागे राहिलेल्या एका सख्याचेही स्मरण व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते. तो सखा म्हणजे संत नामदेव.

दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली होती. एक संन्याशाचे पोर म्हणून वाळीत पडलेला, दुसरा शिंपियाच्या कुळातला. त्या वाटेवर त्यांचे जे सख्य जुळले ते समाधीने तुटावयाचे होते. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत हा वियोग वर्णिला आहे. (त्यांतील मूळचे कोणते, याविषयी अभ्यासकांत वाद आहे, भाविकांचे त्यावाचून अडत नाही.) त्यांत ज्येष्ठ बंधू आणि गुरू असलेले निवृत्तिनाथ शोकाने व्याकुळ होतात, प्रत्यक्ष पांडुरंगाचाही कंठ दाटून येतो.

कोणी म्हणेल, विसोबा खेचरांसारख्या गुरूंकडून उपदेश लाभलेल्या पुरुषाने शोक का करावा? आत्मा अमर आहे हे त्यांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होतेच. पण चालत्या वाटेवर आता शेजारी कोण, हे दुःख त्या ज्ञानाने उणे होत नाही. ज्ञानी पुरुषाने रडू नये, हा दंडक संतांनी घातलेला नाही. तो आपण घातला आहे.

आपल्या घरांतून मित्राच्या मृत्यूला फार थोडी जागा असते. सोयर-सुतकाचा हिशेब रक्ताच्या नात्याने चालतो. मित्र गेला तर मनुष्य दुसऱ्या दिवशी कामावर जातो, आणि रात्री त्याला घास गिळवेनासा झाला तर घरचीच माणसे विचारतात, ‘‘आपल्या नात्यातले नव्हते ना ते?’’ ज्याच्या खांद्याला खांदा लावून अनेक वर्षे पंढरीची वाट चाललो तो सोबती गेला, तेव्हा प्रस्तुत लेखकालाही हा प्रश्न ऐकावा लागला. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते; पण उत्तर सुचले नाही.

शास्त्र मात्र इतके कोरडे नाही. पितृपक्षातील महालयात पितृकुल आणि मातृकुल यांची नावे सरली की गुरू, शिष्य, आप्त यांच्या पंक्तीस मित्रालाही तिलोदक मिळते. किती घरांतून तेथे यजमान एखाद्या मित्राचे नाव उच्चारतो? गुरुजी पुढचा मंत्र म्हणू लागतात आणि ती ओंजळ निनावी राहते.

नामदेवांनी हे कर्तव्य आणखी एकदा केले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. माणसे अनेक दगावली होती. तेव्हा नामदेव तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनी पंढरीस आणल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. नामदेवांचे वय तेव्हा अडुसष्टच्या घरात होते. जिवंतपणी ज्या भक्तास देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर झाली. पुढे इ. स. १३५० मध्ये नामदेव त्याच महाद्वाराच्या पायरीशी विसावले. चोखोबा त्यांच्या कुळाचे नव्हते, जातीचे नव्हते. सुतक कोणत्या नात्याने धरले असेल?

आळंदीस त्रयोदशीच्या दिवशी माध्यान्हीच्या सुमारास समाधीचा प्रसंग कीर्तनातून उभा राहतो. ते कीर्तन करण्याचा मान नामदेवरायांच्या वंशजांकडे, नामदास महाराजांकडे आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो वियोग ते आजही घरच्या दुःखासारखा सांगतात. मग घंटानाद होतो, समाधीवर पुष्पवृष्टी होते, आणि मंडपातली म्हातारी माणसे उघडपणे डोळे पुसतात. तेथे कोणी कोणास नाते विचारीत नाही.