ऑटिझमचा दाखला लपवू नका, हक मागा

२०२२च्या अखेरीस मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही गेली. आपण निषेध केला, तो योग्यच होता. पण आपल्यातल्या ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न मुलामुलींसाठी कायद्याने जे ठेवलं आहे, ते मागायला आपल्या मोहल्ल्यातून किती जण जातात?

१९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६च्या कायद्याने २१ अपंगत्वांच्या यादीत ते घातलं. ४० टक्के किंवा अधिकचा दाखला असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत केंद्राची दिव्यांगांसाठीची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. तांत्रिक पदवी किंवा डिप्लोमाला एआयसीटीईची ‘सक्षम’ शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ५० हजार, उत्पन्नमर्यादा ८ लाख. दोन्हींचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचे. यातल्या एकाही ठिकाणी तुमचा मजहब आड येत नाही.

आड येतो तो कारभार. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, शेवटी कॉलेजच्या क्लार्ककडून पडताळणी. ज्या मुलाला गर्दी, गोंगाट आणि अचानक बदललेला नियम सोसत नाही, त्यालाच पाच खिडक्यांवर उभं करायचं आणि वर म्हणायचं, योजना तर आहे! मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. ज्याच्यासाठी प्रणाली बनवली तोच तिच्यात अडकत असेल, तर आमच्या धंद्यात वापरणाऱ्याला दोष देत नाहीत, प्रणाली दुरुस्त करतात.

पण सगळं खापर सरकारवर फोडून आपली सुटका नाही. मी रविवारी मोहल्ल्यात फॉर्म भरून द्यायला बसतो. ‘लडका शर्मीला है’, ‘नजर लागली’, ‘दाखला काढला तर बहिणीचं लग्न कसं जमणार?’ ही वाक्यं मला पाठ झाली आहेत. बहिणीच्या लग्नासाठी भावाचं कॉलेज सोडायचं, हा कुठला इन्साफ? आणि मुलगीच ऑटिस्टिक असेल तर ती ‘शांत, घरेलू’ ठरते. तिची तपासणीच होत नाही.

आपल्या संस्थाही कमी नाहीत. जकातीतून शिष्यवृत्ती देतात, पण आधी पाच बुजुर्गांसमोर मुलाखत, नंतर गुणगौरव सोहळ्यात स्टेजवर हार आणि फोटो. नजरेला नजर न देणारं पोर त्यांना उद्धट वाटतं. मदत घेणाऱ्याची इज्जत झाकून ठेवायची शिकवण आपलीच ना?

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी दाखल्यापासून सुरुवात करा, कारण वेळ तिथेच जातो. तपासणी भारतीय ऑटिझम मापनपट्टीवर होते; तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. ‘हा तर नीट बोलतो’ असं ऐकावं लागेल. म्हणून लहानपणापासूनच्या अडचणी उदाहरणांसह कागदावर लिहून न्या, आणि अम्मी-अब्बूंना सांगा की डॉक्टरांसमोर ‘सब ठीक है’ म्हणायचं नाही. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी मिळत नाहीत. ‘सक्षम’ की पोस्ट-मॅट्रिक, ते आधीच ठरवा.

जमातींच्या आणि ट्रस्टच्या जिम्मेदारांकडे दोन मागण्या आहेत. मुलाखतीऐवजी लेखी अर्ज घ्या आणि स्टेजची सक्ती बंद करा. प्रत्येक मदत केंद्रात एक तरी कार्यकर्ता असा ठेवा, जो या मुलांसोबत रुग्णालयाच्या रांगेत उभा राहील. तुमच्या मोहल्ल्यात असं केंद्र नसेल, तर या रविवारी लॅपटॉप घेऊन तुम्हीच बसा.