विश्लेषण: तुर्कीऐवजी सायप्रसला जायचंय? तिकीट काढण्याआधी बेटाचा नकाशा पाहा

मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली आणि अनेक भारतीय पर्यटकांनी तुर्कीच्या सहली रद्द केल्या. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी सायप्रसला गेले. त्यामुळे दादर, गिरगाव किंवा लालबागच्या घरात दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखताना 'तुर्की नको, मग सायप्रस?' असा विचार येणं साहजिक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथली हवाही छान असते. पण इथे एक चूक चांगलीच महागात पडू शकते.

बेटाचे दोन भाग कसे झाले?

सायप्रस 1960 मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालं. जुलै 1974 मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने तिथे बंड झालं. त्यानंतर काही दिवसांतच तुर्कीने सैन्य उतरवलं आणि बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात घेतला. 1983 मध्ये त्या उत्तर भागाने स्वतःला वेगळा देश जाहीर केलं, पण तुर्कीशिवाय कुणीही त्याला मान्यता दिलेली नाही. भारतही देत नाही.

मग पर्यटकाला काय फरक पडतो?

'नॉर्थ सायप्रस'ची विमानं तुर्कीमार्गे एर्जान विमानतळावर उतरतात. सायप्रस सरकारच्या दृष्टीने तिथून बेटावर येणं बेकायदा आहे. तिथून पुढे दक्षिणेत जाताना तुम्हाला अडवलं जाऊ शकतं. शिवाय भारताचं उच्चायुक्तालय दक्षिणेकडच्या निकोसियात आहे. उत्तरेत पासपोर्ट हरवला तर मदत मिळणं अवघड. म्हणून तिकिटावर लार्नाका किंवा पाफोस हे नाव आहे ना, ते आधी पाहा.

शेंगेन व्हिसा चालतो का?

सायप्रस 2004 पासून युरोपीय संघात आहे आणि तिथे 2008 पासून युरो चालतो. पण युरोपीय संघ आणि शेंगेन एकच नाहीत. सायप्रसचा स्वतःचा व्हिसा असेल, तर त्यावर अथेन्स फिरता येत नाही.

उलट बाजूने थोडी सोय आहे. दोन किंवा अधिक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा सायप्रस स्वीकारतं. मात्र एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन ग्रीसहून सायप्रसला गेलात, तर परत ग्रीसमध्ये शिरता येणार नाही. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर पंचाईत. सायप्रसने 2026 मध्ये शेंगेनमध्ये जाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे, त्यामुळे निघण्याआधी ताजा नियम तपासा.

इतिहास पाहायचा असेल तर?

पाफोसची प्राचीन मोझेक चित्रं आणि कुरियनचं नाट्यगृह दक्षिणेत आहे. पाफोस 1980 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. सलामिसचे अवशेष आणि फामागुस्ताची तटबंदी मात्र उत्तरेत. दक्षिणेतून कायदेशीर आलेले पर्यटक निकोसियातल्या लेड्रा स्ट्रीटसारख्या नाक्यांवरून पासपोर्ट दाखवून पलीकडे जातात. भारतीय पासपोर्टसाठी काय अटी आहेत, हे उच्चायुक्तालयाकडे विचारून घ्या.

टूर कंपनीला काय विचाराल?

विमान कुठे उतरतं? व्हिसा कुणाचा आणि किती प्रवेशांचा? व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत? ही उत्तरं लेखी घ्या आणि मगच बुकिंगची रक्कम भरा.