गायरान रिकामं नाही

रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जायचं, पायाखाली साप, उसात बिबट्या. हे ज्यांनी भोगलंय त्यांना दिवसाची वीज हवीच आहे. मलाही हवी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट पुरं व्हावं असंच मला वाटतं. माझा राग वेगळा आहे. या विजेसाठी गावातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली जातेय, आणि त्याला एक रुपयाही मिळत नाही.

एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. म्हणजे सगळे मिळून चौसष्ट ते ऐंशी हजार एकर, तेही उपकेंद्राच्या जवळपास. खासगी शेत भाड्याने दिलं तर मालकाला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. रास्त आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने मिळते, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. मग पहिली नजर कुठे जाणार?

तहसीलच्या कागदावर ते गायरान रिकामं असतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन बघा. तिथे भूमिहीन बाईच्या शेळ्या चरतात. सरपण तिथलंच, गोवऱ्यांचं शेणही तिथलंच. कडेच्या पट्ट्यात दलित आणि पारधी कुटुंबं दगड वेचून काढलेल्या रानात दोन पिढ्या बाजरी पेरतात. या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीन माणसं तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करा, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तरीही असंख्य गायरानधारकांच्या नावे आजही सातबारा नाही. त्यांचं नाव लागलंच तर गाव नमुना एक-ई मध्ये, अतिक्रमणदार म्हणून.

हा गायरानधारक पट्टा मागायला गेला की त्याच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल धरतात: गावाची सामाईक जमीन कुणालाही देता येत नाही. त्याच निकालात सरकारी आदेशाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद लिहिलेला आहे, तो मात्र कुणी वाचून दाखवत नाही. जी जमीन माणसाला देता येत नव्हती ती प्रकल्पाला चटकन देता येते. हा अन्याय आहे, आणि तो जाणूनबुजून केलेला आहे.

ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतात. त्यातून रस्ता होईल, सभागृहाला फरशी बसेल. तारेच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या शेळ्या त्या फरशीवर चरणार नाहीत. रोजगाराचं म्हणाल, तर प्रकल्प उभा राहिल्यावर उरतात राखणदार आणि पॅनेल धुणारे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली. मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकलेल्या त्या म्हाताऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यातच ते गेले. त्यांच्याकडे सातबारा होता. ज्याच्याकडे तोही नाही, त्याचं गाऱ्हाणं मंत्रालयाच्या दारापर्यंत तरी पोचेल का?

खासगी मालकाला जे भाडं रास्त ठरलं, तेच गायरान वापरणाऱ्या कुटुंबांना द्या, त्यांच्या खात्यात, दरवर्षी. १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्यांना आधी सातबारा द्या, मग त्यांच्याशी भाडेकरार करा. पॅनेल थोडे उंच बसवा, रांगांमधून शेळ्या-मेंढ्यांना चरू द्या. कोकरू खाली शिरलं म्हणून वीज थांबत नाही.

आणि तुमच्या गावात मोजणीची माणसं येतील तेव्हा गप्प बसू नका. ग्रामसभा बोलवायला लावा, आणि ठरावावर अंगठे घेण्याआधी तलाठ्याला एक-ई ची नोंदवही सगळ्यांसमोर, नावानिशी वाचायला लावा.