घरात गप्प राहणारं पोर भित्रं नसतं

वाशीमसारख्या जिल्ह्यात पोहरादेवीला, कारंज्याला जाणाऱ्या घरातलं एखादं पोर मनाने बुद्धाकडे वळलेलं असतं. घरी आरतीला उभं राहतं, प्रसादही घेतं. आपले काही कार्यकर्ते लगेच त्याला २२ प्रतिज्ञा ऐकवतात. अरे, त्या पोराचं जेवण, फी, झोपायची जागा त्याच घरात आहे!

बाबासाहेबांचं घर कबीरपंथी. रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे कशाला वाचायचं, असं भीमरावांनी वडिलांना तोंडावर विचारलं, पण घर सोडलं नाही. केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र हाती दिलं तेही शाळकरी वयातच. येवल्याची घोषणा झाली १९३५ ला, धम्मदीक्षा १९५६ ला. आणि आपण दहावीच्या पोराकडून एका रात्रीत हिशेब मागतो.

आता उलट बघा. बौद्ध घरातली मुलगी मनाने येशूकडे गेली तर? संविधानाचं कलम २५ तिलाही आहे. तिला आपण समाजद्रोही म्हणणार असू, तर त्या पहिल्या पोराच्या बापाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

असं पोर विहारात आलं तर त्याला पुस्तक द्या, बसू द्या. त्याचा फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.