कोयनेचे पाणी कोठे जावे?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत कोयनानगर वसले आहे. तेथील धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. १९६२ साली या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. आज या प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट असून महाराष्ट्रातील असंख्य घरे व कारखाने त्याचे ऋणी आहेत.

ही वीज कशी निर्माण होते? कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. परंतु धरणातील पाण्याचा मोठा भाग डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे नेला जातो. पोफळीच्या बाजूस ते पाणी मोठ्या वेगाने खाली कोसळते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे वळवता येते.

आता सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे पाहा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके अवर्षणाचे. तेथील शेतांना पाणी मिळावे म्हणून टेंभू व म्हैसाळ या योजना उभारण्यात आल्या. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उंचावर चढवावे लागते आणि त्यासाठी पुष्कळ वीज खर्ची पडते. विजेचे देयक थकल्यामुळे पूर्वी हे पंप अनेकदा बंद राहिले. एकीकडे विजेसाठी पाणी समुद्रास जाते, तर दुसरीकडे विजेवाचून पाणी शेतापर्यंत चढत नाही!

हा पेच सोडवण्यास वारा आणि सूर्य आपल्याला साहाय्य करतील, असे मला वाटते. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या उंच पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरत आहेत. साताऱ्याजवळील चाळकेवाडी आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव येथेही त्या दिसतात. पावसाळ्यात तेथे वाऱ्याला विशेष जोर असतो. उन्हाची तर या प्रदेशात उणीवच नाही. जे ऊन जतच्या माळावरील पीक करपवते, तेच ऊन सौरपट्ट्यांवर पडले तर पंप चालवील आणि पिकाला पाणी पाजील.

यावर कोणी म्हणेल, “वारा लहरी आहे आणि सूर्य रोज मावळतो, त्यांचा भरवसा काय?” आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर कोयनेपाशीच आहे. धरणातील पाणी म्हणजे गाठीची पुंजी होय. दिवसा सूर्याची वीज घ्यावी, वारा सुटेल तेव्हा वाऱ्याची घ्यावी आणि पाणी राखून ठेवावे. सायंकाळी घरोघरी दिवे लागले, वाराही पडला, की पाण्याची जनित्रे सुरू करावी. ती काही मिनिटांतच वीज देऊ लागतात. अशा रीतीने वाचलेले पाणी, नियमांत बसेल तेवढे, पूर्वेकडे सोडता येईल. शिवाय धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे, त्यामुळे शेतीकडे जातानाही ते थोडी वीज देऊन जाईल.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. कोयनेच्या खोऱ्यातील माणसांनी धरणासाठी आपली घरेदारे व शेते सोडली आणि त्यांतील अनेकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पवनचक्क्या व सौरपट्टे यांनाही जमीन लागते. ती घेताना गुराख्याचे कुरण व शेतकऱ्याचे रान यांचा विचार आधी व्हावा. ज्यांच्या माळावर वीज निर्माण होते, त्यांच्या झोपडीत पहिला दिवा लागला पाहिजे.

आपला देश अजून घडतो आहे. त्याला वीजही हवी आणि अन्नही हवे. वारा वाहून गेला तरी पुन्हा येतो, सूर्य मावळला तरी पुन्हा उगवतो; समुद्रास मिळालेले पाणी मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. म्हणून जे काम वारा व ऊन यांच्याकडून होण्याजोगे आहे, त्यासाठी पाणी खर्चू नये. पाणी तहानलेल्या रानासाठी राखावे, यातच खरे शहाणपण आहे.