मार्गातल्या बाया आणि आपण



आंबागडच्या बैठकीत दारूचा विषय निघाला, तेव्हा एक बाई म्हणाली, "ताई, तुमच्या मोर्च्यानं भट्टी बंद झाली. यायची दारू बंद झाली ते मार्गात आल्यावर." मार्ग म्हणजे 'परमात्मा एक'. भंडारा-नागपूरकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको.

नागपूरच्या विणकर कुटुंबात १९२१ साली जन्मलेल्या बाबा जुमदेवजींनी हा मानवधर्म उभा केला. एकच भगवंत मानायचा, दारू-सट्टा सोडायचा, सत्य, मर्यादा, प्रेम पाळायचे. कुटुंब मर्यादित ठेवणे हासुद्धा नियमच! गावच्या कुठल्या जुन्या देवाने हे सांगितले होते? नागपुरात नोंदलेले मंडळ, त्याचे सेवक, त्यांच्या बैठका, ही सगळी घडण आपल्या काळातलीच. हातमाग बसले, माणसे खाणीत-कारखान्यात रोजंदारीला गेली, हाती रोकड आली आणि वाटेत दारूचे दुकान लागले. दवाखाना दूर राहिला. त्या फटीत मार्ग आला.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. जपान कारखान्यांच्या युगात शिरत होता तेव्हा, १८९२ मध्ये, देगुची नाओ हिने ओमोतो पंथाची सुरुवात केली. दारुड्या सुताराची ही विधवा चिंध्या गोळा करून पोट भरत होती. तिच्याआधी १८३८ मध्ये नाकायामा मिकी या शेतकरी घरातल्या बाईपासून तेन्रिक्यो सुरू झाला. तिथे बाईच्या तोंडून देव बोलला. इथे मी पाहिलेल्या घरांत मार्ग आणला बाईने, पण 'मर्यादा' या शब्दाचा अर्थ लावतो घरातला पुरुष.

आपण कार्यकर्त्या अशा पंथांना अंधश्रद्धा म्हणून मोकळ्या होतो. मीही झाले होते. पण भट्टी फुटल्यावर आपण परत फिरलो. दर आठवड्याला दार ठोठावणारे सेवक होते, आपण नव्हतो.

तरी एक गोष्ट बोचते. त्याच बैठकीनंतर दुसरी एक जण मागे थांबली. नवऱ्याची दारू सुटली, हात सुटला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल मी सांगितले, तर म्हणाली, "घरात एकता ठेवाचा नियम आहे ना ताई, तो मीच कशी मोडू?" मी विचारले, मारताना तो कोण मोडतो? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हे सेवकांच्या बैठकीत विचारते. मी सोबत येऊ का, तर नको म्हणाली. शेजारच्या दोघी जाणार आहेत तिच्याबरोबर.